ग्राउंडची तयारी करता? मग थंड अंगानं शिरा ताणू नका

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या तयारीला आमच्या गावच्या डांबरी रस्त्यावर पहाटे साडेचारपासून पोट्टे गोळा होतात. ट्रॅक वगैरे काही नाही, मैलाच्या दगडापासून नाल्याच्या पुलापर्यंत हेच मैदान. आणि दरवर्षी नव्या पोरांचा पहिला उद्योग ठरलेला: गाडीवरून उतरायचं, पुलाच्या कठड्यावर टाच टाकायची अन् वाकून पाय ओढायचा. म्हणे वॉर्मअप झाला.

अरे, वॉर्म काय झालं त्यात? डिसेंबरात आमच्याकडे पारा कधी कधी दहाच्याही खाली जातो. आत्ता गोधडीतून निघालेला स्नायू आखडलेला असतो. तो तसाच ताणून मिनिटभराच्या वर धरून ठेवला, तर लगेच नंतरच्या धावण्यात त्याचा जोर थोडा कमीच पडतो. १०० मीटरला १५ मार्क आहेत राजेहो, तिथं सेकंदाचा शंभरावा भागही महाग.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी अशाच थंडीत एका पोराच्या पाठीवर हात ठेवून "वाक ना लेका, अजून वाक" म्हणणारा मीच होतो. कठड्यावरून पाय काढला अन् लगेच १०० मीटर सोडलं. अर्ध्यावर तो एका पायावर उड्या मारत थांबला आणि मागं वळून पाहायला लागला. मला म्हणतो, "भाऊ, मागून कोनं गोटा मारला?" मागं कोणीच नव्हतं. कुल्ल्याच्या खाली, मांडीची मागची शीर गेली होती. घरी कोणीतरी तेल गरम करून ती जागा दणकून चोळली. दुसऱ्या दिवशी मांडी वांग्यासारखी जांभळी. त्याचं ग्राउंड तीन आठवड्यांवर होतं. गेलं.

तेव्हापासून माझ्याकडे कठडा बंद. आधी आठ-दहा मिनिटं हळू पळायचं, गप्पा मारता येतील इतकं हळू. कानामागं घाम आला की पुढचं. मग पाय मागं-पुढं झुलवणं, गुडघे वर घेत चालणं, टाचा कुल्ल्याला लावत पळणं, शेवटी साठ-सत्तर मीटरचे तीन-चार फेरे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जोरात. गोळा फेकायचा असेल तर खांदे फिरवा, पोरांसाठी ७.२६० किलोचं लोखंड आहे ते. जुन्या तालमीतले लोकही अंग ताणत बसत नसत, सावकाश बैठका मारून आधी घाम काढत. पण पोरांना दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहिजे! एकानं विचारलं, सात दिवसांत पूर्ण स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय फाकवून जमिनीला टेकवणं, कसा येईल? म्हटलं, पोलिसात जायचं की सर्कशीत?

दुसरी चूक धावून झाल्यावरची. १६०० मीटर मारलं की थेट कठड्यावर बूड टेकतं अन् मोबाईल निघतो, टायमिंगचं स्टेटस टाकायला. आधी पाच मिनिटं चाला. हातपाय ताणायची खरी वेळ ही, अंग गरम असताना. मी पोटरीसाठी रस्त्याकडेच्या कडुलिंबाला हात टेकवतो, एक पाय मागं, टाच जमिनीला चिकटलेली. गुडघा सरळ ठेवून तीस सेकंद, मग तोच गुडघा थोडा वाकवून आणखी तीस. पोटरीत दोन स्नायू आहेत आणि खालचा स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. हा गुडघा वाकवून द्यायचा ताण कोणीच देत नाही. मग नडगी दुखते म्हणून माझ्याकडेच येतात.

बाकी किरकोळ. झटके देऊ नका. श्वास कोंडू नका. ताण जाणवावा, कळ येऊ नये. स्ट्रेचिंग केलं तर दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही, या भ्रमात राहू नका, फरक पडला तर जरासाच पडतो. दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी ८०० मीटर पळायला येणाऱ्या पोरींना मी पायाचे अंगठे धरायला लावत नाही. कंबर आधीच दिवसभर वाकलेली असते, त्यांना कमरेवर हात ठेवून हळूच मागं झुकायला सांगतो.

आणि शीर गेलीच, तर पहिले दोन-तीन दिवस ताणू नका, चोळू नका, शेकू नका. कोणाच्या तरी फ्रीजमधला बर्फ दुपट्ट्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, दिवसातून तीन-चारदा. पाय टेकवत नसेल किंवा जागा काळीनिळी पडली, तर तालुक्याला जाऊन हाडांच्या डॉक्टरला दाखवा.