मुख्याध्यापकपद स्वीकारताना: आधार कोठे आणि कसा मागावा

नागपूर जिल्ह्यातील अनुदानित माध्यमिक शाळांत नव्याने मुख्याध्यापक होणाऱ्या सहकाऱ्यांना स्पष्टच सांगतो की मान्यतेचा आदेश हाती पडला म्हणजे तयारी झाली, असे समजू नका. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार हे पद प्रामुख्याने ज्येष्ठतेने मिळते. अध्यापनाचा अनुभव पाहिला जातो, पण सहकारी शिक्षकाचा पाठ पाहून त्याच्याशी काय बोलावे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

खरा सापळा ‘माहिती तातडीने सादर करावी’ या वाक्यात आहे. शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतील वेतन देयके, यू-डायस प्लस या पोर्टलवरील शाळेची माहिती, संचमान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकपदांची मंजुरी), पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज या प्रत्येकाला अंतिम तारीख असते आणि विचारणारा माणूसही असतो. नववीच्या मुलांना अपूर्णांक का जमत नाहीत, हे मात्र कोणीही दूरध्वनी करून विचारत नाही. त्यामुळे दिवस टपालात संपतो, आणि अहवाल वेळेवर गेल्याने शाळा उत्तम चालली आहे असे आपल्यालाही वाटू लागते. मी या कोंडीतून गेलो आहे, म्हणूनच पुन्हा सांगतो: परिपाठानंतरच्या दोन तासिका वर्गनिरीक्षणासाठी राखून ठेवा, त्या वेळेत पोर्टल उघडू नका, आणि लॉगबुकात लिहिलेल्या पाठनिरीक्षणाच्या शेऱ्यावर त्याच दिवशी शिक्षकासोबत बसून बोला. शेऱ्यांचे तयार नमुने आणि दुसऱ्या शाळेचा उतरवून घेतलेला विकास आराखडा यांना माझा ठाम विरोध आहे.

घाबरण्याचे मात्र कारण नाही, कारण हे काम शिकता येते. अमेरिकेत वॉलेस फाउंडेशन या देणगीदार संस्थेच्या साहाय्याने २०११ पासून सहा मोठ्या शालेय जिल्ह्यांनी मुख्याध्यापकांसाठी स्पष्ट निकष, पूर्वतयारी, काटेकोर निवड आणि सुरुवातीच्या वर्षांत मार्गदर्शन अशी सलग व्यवस्था उभी केली. नवे मुख्याध्यापक मिळालेल्या तेथील शाळा तुलनेतील शाळांपेक्षा वाचनात सुमारे सहा आणि गणितात सुमारे तीन शतमक (पर्सेंटाइल) पुढे गेल्याचे रँड या संशोधन संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासात आढळले. याचा खर्च जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता.

आपल्याकडे अशी सलग साखळी नाही, पण तिच्या काही कड्या आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण अपेक्षित आहे. विस्तार अधिकारी भेटीला आले, तर दप्तर दाखवण्यापूर्वी त्यांना एका वर्गात घेऊन जा आणि पाहिलेल्या पाठाबद्दल त्यांचे मत शेरेबुकात मागा. मार्गदर्शक निवडताना शासन निर्णयांचे क्रमांक पाठ असलेल्यापेक्षा मुलांविषयी बोलणारा निवृत्त मुख्याध्यापक मला अधिक मोलाचा वाटतो. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या दिवसांत पदभाराच्या याद्या तपासून घ्या आणि पाठनिरीक्षणाचे प्रशिक्षण हवे असल्याचे पत्र जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला द्या, त्याची पोच मात्र अवश्य घ्या.