ब्रॉन्कोस्कोपी सांगितली आहे? आधी एवढं करून घ्या

ब्रॉन्कोस्कोपी म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून केलेली तपासणी. सीटी स्कॅन बघून छातीचे डॉक्टर 'दुर्बीण घालून आतून बघू' म्हणाले की घरचे विचारतात, दुखेल का आणि पैसे किती लागतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण केबिनमधून उठायच्या आत आणखी दोन विचारून घ्या: नेमकं काय शोधताय, आणि नमुना कुठकुठल्या तपासणीला जाणार? दुर्बीण नीट जाऊनही निदान हाती लागत नाही, तेव्हा पुष्कळदा घोळ तयारीत किंवा नमुन्याच्या बाटलीत झालेला असतो.

डॉक्टर कोण आहेत

एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी रेस्पिरेटरी मेडिसिन ही छातीरोगाची मूळ पदवी. जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर हीच 'टीबी अँड चेस्ट' म्हणून दिसेल, किंवा डीटीसीडी हा डिप्लोमा दिसेल. एमडीनंतर आणखी तीन वर्षं घालून डीएम पल्मोनरी मेडिसिन होतं. इंदूरकडच्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलचा असेल, तो चिठ्ठीवर छापलेला असतो. हात किती बसलाय ते मात्र पदवीवरून कळत नाही. म्हणून सरळ विचारा: महिन्याला किती ब्रॉन्कोस्कोपी करता? रक्तस्राव झाला तर आवरायची सोय इथेच आहे का? भूलतज्ज्ञ हजर असतील का? चांगले डॉक्टर या प्रश्नांचा राग मानत नाहीत. खासगी दवाखाना झेपत नसेल तर इंदूरमध्ये एमजीएम मेडिकल कॉलेजचं एमआरटीबी रुग्णालय खास छातीच्या आजारांसाठीच आहे.

कामधंद्याची माहिती डॉक्टरांनी विचारली नाही तरी सांगा. मंदसौरकडे पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यात, दगडखाणीत, किंवा झाबुआ-अलिराजपूरहून गुजरातला जाऊन क्वार्ट्झ दळण्याच्या कामावर कोणी होतं का? वर्षभराचंच काम असलं तरी सांगा. सिलिकाच्या, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुसात पडलेले डाग एक्स-रेत टीबीसारखे दिसू शकतात, शिवाय अशा माणसाला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. धुळीचा इतिहास स्पष्ट असेल आणि सीटीही जुळत असेल, तर तपासणीसाठी फुप्फुसाचा तुकडा काढायची (बायोप्सीची) वेळ बरेचदा येतच नाही.

आदल्या आठवड्यात

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका. खरा धोका रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा. तुकडा काढायचा असेल तर क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आणि वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवतात. एकटी अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गेल्या दीड महिन्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर ते आधी सांगा, तपासणी सहसा पुढे ढकलतात.

त्या दिवशी घन पदार्थ सहा तास बंद, साधं पाणी दोन तास. सकाळचे पोहे-जिलेबी नाहीत आणि दुधाचा चहाही नाही. दूध पोटात पाण्यासारखं लवकर पुढे सरकत नाही. पोट भरलेलं असताना उलटी झाली तर ती थेट फुप्फुसात उतरू शकते. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र विचारूनच. इनहेलर सकाळी ओढा आणि बरोबरही ठेवा. कवळी, नथ, चमकी घरीच काढा. नेलपॉलिश पुसा, कारण बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र त्यातून चुकीचा आकडा दाखवू शकतं. हलणारा दात असेल तर सिस्टरना सांगा.

आत काय होतं

हाताला सुई, नाकाला ऑक्सिजनची नळी, मग घशात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा. तो कडू लागतो आणि दोन-तीन मिनिटांत घसा सुजल्यासारखा वाटतो. सूज नसते, बधिरता असते. १० टक्क्यांच्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम औषध असतं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ८ मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सगळं मिळून ४८० मिलिग्रॅम. ओठांभोवती मुंग्या आल्या किंवा कानात गुणगुण सुरू झाली तर लगेच सांगा, औषध जास्त झाल्याची ती पहिली खूण आहे. गुंगीसाठी शिरेतून मिडाझोलाम, कधी फेंटानिलही देतात.

दुर्बीण नाकातून किंवा तोंडातून जाते. स्वरतंतूंमधून उतरताना जोराचा ठसका लागतो आणि श्वास कोंडल्यासारखं वाटतं. सगळ्यात घाबरवणारा क्षण हाच. पण मोठ्या माणसाची मुख्य श्वासनलिका १५ ते २० मिलिमीटर रुंद असते आणि दुर्बीण जेमतेम ५-६ मिलिमीटर जाड. हवेला वाट उरते. तोंडाने नाही, हळूहळू नाकाने श्वास घ्या. बोलता येणार नाही, म्हणून 'थांबा' सांगायला कुठला हात वर करायचा ते आधीच ठरवा. फुप्फुसाच्या आत दुखत नाही, दुखतं ते त्याच्या आवरणाला. तुकडा घेताना छातीत किंवा खांद्यात कळ आली तर ठरलेला हात लगेच वर करा. चिमटा आवरणाजवळ पोचल्याची ती सूचना असू शकते.

नुसतं बघायला आणि धुऊन पाणी घ्यायला १५ ते ३० मिनिटं लागतात. धुताना एका भागात एकूण १०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त सलाइन टप्प्याटप्प्याने सोडून परत ओढतात. सगळं परत येत नाही, उरलेलं शरीर शोषून घेतं.

नमुन्याच्या बाटल्या

इथे घरच्यांनी जागं राहावं. पॅथॉलॉजीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो. टीबीच्या कल्चरचा, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायचा, तुकडा साध्या सलाइनमध्येच जायला हवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर उगवत नाही. सगळे तुकडे एकाच डबीत गेले तर ही तपासणी कायमची हुकते आणि पुन्हा दुर्बीण घालावी लागते. प्रत्येक डबीवर नाव, तारीख आणि कुठल्या बाजूचा नमुना ते लिहिलंय का, डोळ्यांनी बघा. टीबीची सीबीनाट (जंतूंची जनुकं झटपट शोधणारी) तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते.

नंतर

घशाची बधिरता जाईपर्यंत, साधारण दोन तास, पाण्याचा थेंबही नको. मग आधी एक घोट पाणी. ठसका लागला नाही तरच जेवण. गुंगी दिली असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवाच. फुप्फुसाच्या आतून तुकडा घेतला असेल तर छातीचा एक्स-रे झाल्याशिवाय घरी निघू नका. फुप्फुसाला भोक पडून हवा साचलेली नाही ना, हे त्यात कळतं.

थुंकीत रक्ताच्या रेषा एक-दोन दिवस चालतील. संध्याकाळी कणकण आली तर पॅरासिटामॉल पुरते. एक-दोन चमचे निव्वळ रक्त पडलं, धाप वाढली, छातीत एका बाजूला टोचायला लागलं किंवा ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर फोनवर वेळ घालवू नका, इमर्जन्सीत जा. खरगोन-खंडव्याहून आलेल्यांनी ती रात्र इंदूरमध्येच काढलेली बरी.

सीबीनाटचा रिपोर्ट एक-दोन दिवसांत हातात येतो, तुकड्याचा सहसा आठवड्याभरात, पण टीबी कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे लागतात. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून फाइल कपाटात टाकू नका. सुट्टी होतानाच कल्चरच्या रिपोर्टची तारीख आणि लॅबचा नंबर फाइलवर लिहून घ्या.