दुर्बिणीतून सूर्य पाहताना : सौर फिल्टरच्या बाबतीत या चुका टाळा

लहान, जुन्या दुर्बिणींच्या खोक्यात अजूनही नाण्याएवढी एक गडद हिरवी काच सापडते. तिच्या धातूच्या कड्यावर ‘सन’ असे कोरलेले असते आणि ती आयपीसच्या, म्हणजे जिथे डोळा लावतो त्या छोट्या भिंगाच्या, बुडाशी आटे फिरवून बसवायची असते. काच मूळ संचातलीच आहे, म्हणजे ती बिनधोक असणार, असे घरातल्यांना वाटते. ही काच वापरू नये आणि दुसऱ्या कोणाला देऊही नये. जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडावी आणि टाकून द्यावी.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. निरभ्र दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सूर्याची साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. ७० मिलिमीटर व्यासाचे भिंग त्यातली जवळजवळ ४ वॅट गोळा करते आणि नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर) ९०० मिलिमीटर असेल, तर ती सगळी जेमतेम ८ मिलिमीटर रुंदीच्या प्रतिमेत आणून ओतते. आयपीसला लावलेली काच नेमकी या जागेजवळ असते. ती तापत जाते आणि कोणतीही सूचना न देता तडकते. त्या क्षणी पाहणाऱ्याचा डोळा आयपीसलाच लागलेला असतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचे तेव्हा समजतही नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग जाणवू लागतो, आणि तो कायमचा राहू शकतो.

म्हणून सूर्यप्रकाश अडवायचा तो नळीच्या पुढच्या तोंडावर, भिंगात किंवा आरशावर पोहोचण्याआधी. ग्रहण पाहण्याचा कागदी चष्मा घालून आयपीसला डोळा लावणे ही याच चुकीची दुसरी तऱ्हा आहे. तो चष्मा आयएसओ १२३१२-२ या मानकाप्रमाणे खरा असला, तरी ते मानक नुसत्या डोळ्यांनी पाहण्यापुरतेच आहे. दुर्बिणीतून एकवटून आलेला प्रकाश ती पातळ फिल्म जाळू शकतो.

नळीच्या तोंडावर चौकटीत बसवायची, डोळ्यांनी पाहण्यासाठीची फिल्म ‘ऑप्टिकल डेन्सिटी ५’ची असते, म्हणजे ती लाखातला एकच भाग प्रकाश आत सोडते. खरेदीतली सर्वांत मोठी फसगत इथे होते, कारण बाडर कंपनीच्या अ‍ॅस्ट्रोसोलरसारखी फिल्म ५.० आणि ३.८ अशा दोन प्रकारांत मिळते आणि हातात धरल्यावर दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. ३.८ची फिल्म सुमारे १६ पट अधिक प्रकाश सोडते. ती केवळ कॅमेऱ्यासाठी आहे आणि तिच्यातून डोळ्यांनी पाहायचे नसते. वेष्टनावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि फिल्म चौकटीत बसवली, की तोच आकडा चौकटीवर पक्क्या शाईने लिहून ठेवावा, कारण वर्षभराने तो कोणालाच आठवत नाही.

एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी किंवा वेफरच्या पाकिटाचा चंदेरी कागद यांतून सूर्य मंद दिसतो, आणि त्या मंदपणालाच लोक सुरक्षितता समजतात. डोळ्याला न दिसणारी अवरक्त किरणे त्यातून किती येतात, हे बघून कळत नाही. छायाचित्रणाचा ‘एनडी १०००’ फिल्टरही हजारातला एक भाग प्रकाश सोडतो, म्हणजे हव्या त्या मर्यादेच्या शंभरपट. प्रतिमेच्या रंगावरूनही काही ठरवू नये. काळ्या पॉलिमरमधून सूर्य नारिंगी दिसतो आणि चंदेरी फिल्ममधून पांढरा किंवा निळसर. फिल्टर सुरक्षित आहे की नाही, ते या रंगांवरून ठरत नाही.

यानंतर ज्या चुकीबद्दल मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे, ती मी स्वतः केलेली आहे. मुख्य नळीवर उत्तम फिल्टर बसवलेला होता आणि शेजारचा ६×३० चा फाइंडर, म्हणजे नेम धरण्यासाठीची छोटी दुर्बीण, उघडाच राहिला होता. आयपीसवर वाकलो असताना कानाच्या पाळीला चटका बसला. नंतर फाइंडर पाहिला, तेव्हा त्यातल्या फुलीची तार वितळून तुटलेली होती. त्या जागी माझ्या कानाऐवजी रांगेतल्या एखाद्या मुलाचा डोळा असू शकला असता. तेव्हापासून सूर्यासाठी दुर्बीण मांडताना मी फाइंडर काढून खिशात ठेवतो. फाइंडरशिवाय सूर्य शोधणे अवघड नाही: नळीची जमिनीवर पडणारी सावली जिथे सर्वांत आखूड आणि गोल होते, तिथे नळी सूर्याकडेच रोखलेली असते. सर्वांत कमी वर्धनाचा आयपीस लावला, की अर्ध्या अंशाचे ते बिंब सहज सापडते. आयपीसमध्ये काळोख दिसला, तर नळी अजून थोडी सरकवायची आहे एवढाच त्याचा अर्थ. ‘फिल्टर काढून एकदा बघू’ हा विचारही मनात येऊ देऊ नये.

न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीच्या मोठ्या झाकणात एक छोटे झाकण असते. ते काढले, की सूर्य पाहता येतो, असा समज नवख्यांमध्ये पसरलेला आहे. त्या भोकात कोणतीही काच नसते; त्याच्यावर फिल्म पक्की बसवली, तरच ते उपयोगाचे.

फिल्टर नळीवर नुसता अडकवणे पुरेसे नाही. गच्चीवर वाऱ्याची एक झुळूक पुठ्ठ्याची चौकट उचलून नेऊ शकते. तीन ठिकाणी मास्किंग टेप लावावी आणि मुलांच्या गर्दीत दुर्बिणीजवळ कायम एक मोठे माणूस उभे ठेवावे. दरवेळी वापरण्याआधी फिल्टर हातात घेऊन तेजस्वी दिव्यासमोर धरावा आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे, ओरखडे किंवा कडेला सुटलेली फिल्म दिसते का, ते पाहावे. फाटलेली किंवा लेप निघालेली फिल्म चिकटपट्टीने डागडुजी न करता बदलावी. फिल्मवरच्या सुरकुत्यांनी मात्र काही बिघडत नाही. उलट ढोलकीच्या पुडीसारखी ताणून बसवल्यास प्रतिमा बिघडते.

सौरडाग उकळत्या पाण्यात असल्यासारखे हलत असतील, तर दोष बहुधा फिल्टरचा नसतो. तापलेल्या स्लॅबवरची हवा त्याला कारणीभूत असते. सकाळी लवकर, शक्यतो गवतावर दुर्बीण मांडून पाहावे.

हर्शेल वेज हे बहुतेक सूर्यप्रकाश बाहेर वळवणारे प्रिझमचे उपकरण अपवाद म्हणून आयपीसच्या टोकाला बसते, पण ते केवळ भिंगाच्या दुर्बिणीसाठी आहे. आरशांच्या दुर्बिणीत ते वापरू नये. तेजोमेघांच्या छायाचित्रणासाठी मिळणारा हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनच्या विशिष्ट लाल प्रकाशाचा) फिल्टर आणि सूर्याची हायड्रोजन-अल्फा दुर्बीण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नावातल्या साम्यावर जाऊन पहिला फिल्टर सूर्याकडे रोखणे घातक आहे.

२ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रास आहे आणि ते ऐन पावसाळ्यात येते. ढगाआड बिंब फिके दिसले, की फिल्टर काढण्याचा मोह होतो, आणि ढग सरकायला एक सेकंद पुरतो. खंडग्रास ग्रहणात फिल्टर काढण्याची वेळ कधीच येत नाही. ती केवळ खग्रास स्थितीच्या मोजक्या मिनिटांत येते.

पाहणे संपल्यावर आधी नळी सूर्यापासून दूर वळवावी, मग फिल्टर काढून लगेच मुख्य झाकण लावावे आणि त्यानंतरच फाइंडर पुन्हा जागेवर बसवावा. फिल्म न घडी घालता, सपाट डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवावी.