गच्चीवरून रात्रीचं पुणं टिपताना

पूर्ण अंधार पडायची वाट बघू नका. सूर्यास्तानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी आकाश गडद निळं असतं आणि खाली दिवे लागलेले असतात. खरा फोटो तेव्हाच मिळतो. नंतर आकाश नुसतं काळं पडतं. नैर्ऋत्येला मोकळा नजारा असेल तर या निळाईत सिंहगडाची कडाही उठून दिसते. पावसाची सर येऊन गेलेली संध्याकाळ मिळाली तर सोडूच नका, धूळ बसलेली असते.

ट्रायपॉड हवाच. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर १० सेकंदांच्या आसपास उघडं, आणि २ सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. विसाव्या मजल्यावर वारा चांगलाच असतो, म्हणून ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका. जड सॅक खाली अडकवा, पण ती झुलता कामा नये. कॅमेऱ्याचा पट्टाही काढून ठेवा. तो फडफडला तरी चित्र हलतं.

काचेआडून काढताय? खोलीतले दिवे बंद करा, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती काळी ओढणी गुंडाळा. माझ्या कितीतरी फोटोंत आकाशात ट्यूबलाइट उमटली होती, ती या ओढणीनेच गेली.