स्टॅम्प फुकट झाला, पण तुमच्यासाठी नाही

संक्रांतीच्या कार्यक्रमात एका नव्या मुलाने मला कोपऱ्यात गाठलं. "काका, बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा टॅक्स एक जानेवारीपासून गेला म्हणे. घेऊन टाकू का एक?" टेक्सासात येऊन त्याला चार महिने झालेत, एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. ऑफिसातल्या कुणीतरी हे डोक्यात भरवलेलं. माझ्या तोंडात त्याच्याच हातचा तिळगूळ होता, म्हणून गोड बोललो. असे आणखी बरेच जण असतील, म्हणून हे लिहितोय.

आधी तो टॅक्स काय होता ते बघू. १९२९ साली शिकागोत व्हॅलेंटाइन डेला टोळीयुद्धात सात माणसं मारली गेली, थॉम्पसन मशीनगन गाजल्या, आणि १९३४ मध्ये नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आला. मशीनगन, आखूड नळीची रायफल, आखूड नळीची शॉटगन, सायलेन्सर यांवर सरळ बंदी घातली नाही. नोंदणी लावली आणि प्रत्येक खरेदीवर २०० डॉलर कर; तो भरल्याची खूण म्हणजे शीर्षकातला स्टॅम्प. तेव्हा जवळजवळ तेवढ्यातच थॉम्पसन बंदूक मिळायची, म्हणजे कर भरता भरताच माणूस परत फिरावा. पुढे नव्वद वर्षं ती रक्कम कुणी वाढवली नाही, त्यामुळे महागाईने त्या कराचे दात आपोआप पाडले.

तरी बंदूकवाल्यांचा त्यावर राग होताच. सिनेटर टॉम कॉटन आणि संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, म्हणजे हाउसच्या, अ‍ॅशली हिन्सन यांनी हा कर पुसून टाकायचं विधेयक काही वर्षांपूर्वीच मांडलं होतं. नावाची आद्याक्षरं जुळवून त्याला 'रायफल अ‍ॅक्ट' म्हणतात. (इथे विधेयकांच्या बारशाला बराच वेळ दिला जातो.) ते स्वतंत्रपणे काही पास झालं नाही. २०२५ च्या मोठ्या बजेट विधेयकात मात्र संधी मिळाली. हाउसला सायलेन्सर या कायद्यातूनच बाहेर काढायचे होते. सिनेटच्या पार्लमेंटेरियन, म्हणजे नियमांचा सल्ला देणाऱ्या अधिकारी बाईंनी ते बजेटच्या नियमांत बसत नाही म्हणून अडवलं. शेवटी उरलं ते एवढंच: सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा कर शून्य. मशीनगन आणि बाँबगोळ्यांच्या वर्गातल्या वस्तूंवर तो २०० च आहे.

शून्य झाला तो पैसा, कागद नाही. फॉर्म फोर नावाचा अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, एटीएफ या बंदुकांवर देखरेख करणाऱ्या फेडरल खात्याची तपासणी आणि मंजुरी, सगळं पूर्वीसारखंच. मंजुरी येईपर्यंत वस्तू दुकानदाराच्या कपाटात.

आणि हे सगळं ज्यांना बंदूक बाळगता येते त्यांच्यासाठी. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ किंवा टुरिस्ट व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, शिवाय देशाबाहेर काढण्याची टांगती तलवार. मुख्य अपवाद शिकारीचा: इथल्या राज्याचं चालू शिकार लायसन्स असेल तर चालतं. लायसन्सची तारीख उलटली की अपवादही संपला.

"बाळगणं" म्हणजे विकत घेणंच नव्हे, आणि आपली मुलं फसतात ती इथेच. २००७ साली मी स्वतः एच-१बीवर असताना टीमबरोबर एका शूटिंग रेंजवर गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी पॅडला अडकवलेला फॉर्म पुढे सरकवला, मी न वाचता सही ठोकली, भाड्याच्या पिस्तुलातून पन्नास गोळ्या झाडल्या आणि भोकं पडलेला कागद घरी आणून फ्रिजवर लावला. ग्रीन कार्डाच्या वेळी वकिलाशी बोलता बोलता ही गोष्ट सहज निघाली, आणि तो पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. पुढे काही झालं नाही, पण त्या आठवड्यात मला झोप नव्हती. तेव्हा टीम आउटिंगला रेंज ठरली तर त्या दिवशी तुमचं पोट बिघडू द्या. जायचंच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. रेंजवाला किंवा ऑफिसातला मित्र तुमचा व्हिसा सांभाळायला येणार नाही.

ग्रीन कार्ड आलं की बंदूक विकत घेता येते. तेव्हा वेगळी भानगड सुरू होते. आई-बाबा टुरिस्ट व्हिसावर सहा महिने येतात, मेहुणा एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आपल्याच घरी राहतो. त्यांना वरची बंदी लागूच असते. तिजोरीची किल्ली देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. त्यांच्या हाताला लागेल अशी किल्ली किंवा ठाऊक असेल असा नंबर नको.

नोकरी बदलून न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाला जायचा विचार असेल तर सायलेन्सरचं नावच काढू नका. तिथे राज्याच्या कायद्यानेच बंदी आहे, दिल्लीदरबारी, म्हणजे वॉशिंग्टनला, कर कितीही असो. कॅलिफोर्नियाने तर जुलै २०२४ पासून बंदुका आणि गोळ्यांवर स्वतःचा ११ टक्के कर बसवलाय.

फेडरल सरकारचाही एक दुसरा जुना कर आहे. पिस्तुलांवर १० टक्के, लांब बंदुका आणि गोळ्यांवर ११. तो कंपनी भरते आणि पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. तोही काढायचं विधेयक २०२२ मध्ये आलं होतं, पण खुद्द शिकाऱ्यांच्या संघटनांनीच नाकं मुरडली. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

आणि रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासात वापरू नका. अस्तरात अडकलेली एक जिवंत गोळी मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसली, तर भारतात आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. माझी ती बॅग गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. बायकोने त्यावर मार्करने मराठीत 'विमानात नको' असं लिहून ठेवलंय.