निंदणीकरणाआधी गाठा: विद्यापीठाचं दफ्तर कसं जपावं

विद्यापीठाचा इतिहास सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शोधायला जाऊ नये. तिथे शुभेच्छा आणि जाहिरातीच जास्त. तो असतो तळघरातल्या गठ्ठ्यांत, आणि निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद छाटून नष्ट करणं, निघालं की तेच गठ्ठे आधी रद्दीत जातात.

म्हणून सर्वांत आधी कुलसचिवांची लेखी परवानगी घ्या आणि नष्ट करायच्या कागदांची यादी मागा. सरकारी वर्गवारीत 'अ' वर्ग कायमचा, 'ड' वर्ग वर्षभराचा. विद्यापीठातही अधिसभेची (सिनेटची) इतिवृत्तं सहसा कुणी फेकत नाही. जातात त्या वसतिगृहाच्या तक्रारवह्या, विद्यार्थी निवडणुकांची पत्रकं, खानावळीचे हिशेब. विद्यार्थी कसे राहत होते ते यांतूनच कळतं, तेव्हा आधी हे बाजूला काढा.

गठ्ठा हाती आला की तो विषयवार लावायचा मोह आवरा. नस्ती, म्हणजे फाइल, कोणत्या विभागातून आली आणि आत कागद कोणत्या क्रमाने होते, हीसुद्धा माहितीच असते. क्रम तसाच ठेवून नोंदवहीत क्रमांक, विभाग, कालावधी आणि अवस्था लिहा. कागदावर खूण करायचीच तर मऊ पेन्सिलीने.

मग सफाई. मऊ ब्रशने धूळ झटका, गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नाहीच. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन उलटवता येत नाही. आम्लविरहित फोल्डर मिळाले तर उत्तम. खोके जमिनीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच चढते. कागद भिजलेच तर उन्हात न टाकता पंख्याखाली सुटे वाळवा, तेही दोन दिवसांच्या आत. नंतर बुरशी धरते.

स्कॅनिंग यानंतर. साध्या मजकुराला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरतं, छायाचित्रांना ६००. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. स्कॅन झालं म्हणून मूळ कागद मात्र टाकू नका.

आता दफ्तराबाहेर पडा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांतलं आंदोलन, घरांची जाळपोळ, लाँग मार्च हे सारं नुसत्या ठरावांत कसं सापडणार? पत्रकं, पोस्टर, तुरुंगातून आलेली पत्रं कार्यकर्त्यांच्या घरी ट्रंकेत असतात. माजी विद्यार्थी आणि निवृत्त शिपाई-कारकुनांना भेटा. शिपायांना आधी, कारण कोणतं कपाट कधी हललं ते त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्या आठवणी संमतीने ध्वनिमुद्रित करा. कागद द्यायला कुणी तयार नसेल, तर त्यांच्याच घरी फोटो काढून परत द्या.

गुणपत्रिका, जातीचे दाखले, शिस्तभंगाच्या नस्ती मात्र वेगळ्या कपाटात, कुलपात. त्या किती वर्षांनी आणि कुणाला दाखवायच्या, हे दफ्तर खुलं करण्याआधीच लेखी ठरवून घ्या.