गाडीचा फ्यूल पंप बदलायच्या आधी त्याची काळी वायर बघा

मे महिन्यातली भर दुपार. कोल्हापुरातून गगनबावड्याला एका पॉलिसीचा चेक आणायला निघाले होते. कळे ओलांडलं आणि गाडीनं दोन गचके देऊन जीव सोडला. सेल्फ खणखणीत फिरतोय, पण इंजिन काही धरेना. जवळच रसवंती होती. दोन ग्लास रस पिऊन अर्ध्या तासानं सेल्फ मारला, तर पहिल्या झटक्यात चालू! "ताई, फ्यूल पंप गेला," असं तिथंच तिघांनी सांगितलं. मीही उद्यमनगरात एका गॅरेजमध्ये टाकी उतरवून नवा पंप बसवून घेतला. साडेचार हजार गेले आणि आठव्या दिवशी बालिंग्याच्या पुलाजवळ परत तोच तमाशा.

माझी गाडी 2003 सालची, पेट्रोलवरची, इंजेक्शनवाली. पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा हा पंप टाकीच्या आत. पुढचं सगळं मी आमच्या गल्लीतल्या वायरमन काकांच्या हाताखाली शिकले.

आधी कान वापरायचा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटपाशी दोन-तीन सेकंद 'झूं' असा बारीक आवाज येऊन थांबायला पाहिजे. दसरा चौकात भर ट्रॅफिकमध्ये तो ऐकू येणार नाही. रात्री दारात उभं राहून ऐका.

आवाजच नसेल तर फ्यूज, मग रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा छोटा डबीसारखा स्विच) बघा. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा, पाच मिनिटांचं काम. तरीही गप्प असेल तर एकानं सेल्फ मारायचा आणि दुसऱ्यानं टाकीच्या बुडाला रबरी हातोडीनं हलकं ठोकायचं. तेवढ्यावर गाडी सुरू झाली तर पंपाच्या मोटारीतले कार्बन (ब्रश) झिजलेत. घरापर्यंत या, लांब जाऊ नका.

आवाज येतोय म्हणजे पंप बरा, असं मात्र नाही. आणि तापल्यावर बंद, गार झाल्यावर चालू हे क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) बिघडल्याचंही लक्षण आहे. सेन्सर मेला तरी चावी ऑन केल्यावरचा तो 'झूं' बऱ्याच गाड्यांत येतोच. म्हणून बंद पडल्या जागीच प्लगला स्पार्क आहे का बघून घ्यायचा. पेट्रोलचा वास येत असेल तर हा उद्योग करू नका. स्पार्क नसेल तर पंपाला शिव्या देऊन उपयोग नाही.

माझ्याकडे स्पार्क होता, पंप नवा होता, आवाजही येत होता. काकांनी गाडी चांगली तापवली, इंजिन चालू ठेवलं आणि मीटर काढला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट. पंपाच्या कनेक्टरवर, जोडलेल्या अवस्थेतच मागून पिना घालून मोजलं तर 10.1. कनेक्टर काढून मोजलं असतं तर आकडा चांगलाच दिसला असता, कारण लोड नसताना कुजकी वायरही व्होल्ट दाखवते. मग त्यांनी बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर मागं ओढली आणि तिथून पंपाच्या काळ्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या मायनस वायरीपर्यंत मोजलं. तिथं जवळजवळ शून्य पाहिजे, निघाले 3.3. म्हणजे जाणारा करंट ठीक, परतीची वाट बंद. मागं बॉडीला ज्या बोल्टनं अर्थिंग केलेलं, त्याखाली हिरवट-तांबूस गंज. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला, वायरीच्या टोकाला नवी थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावून ग्रीस फासलं. पंपावर 13.4. खर्च वीस रुपये आणि काकांचा चहा. माझा जुना पंप तोवर भंगारात गेला होता.

व्होल्ट बरोबर असूनही गाडी चढाला दम टाकत असेल, तर गॅरेजमध्ये प्रेशर गेज लावायला सांगा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत तीन बारच्या आसपास प्रेशर असतं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलचा विचारा. कमी भरलं तर पंपावर घसरण्याआधी फिल्टर आणि पंपाखालची जाळी बघायला लावा. हल्ली पेट्रोलमध्ये आपल्याच उसाचं इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, आणि जुन्या पत्र्याच्या टाकीतला गंज जाळीत येऊन बसतो. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो, त्यामुळं रोज शंभराचं पेट्रोल टाकून रिझर्व्हवर फिरणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

कार्बोरेटरवाली त्याहून जुनी गाडी असेल तर बहुधा पंप इंजिनलाच लावलेला असतो, वायरीचा संबंध नाही. इंजिन गार असताना, स्पार्क पडू नये म्हणून कॉइलची वायर काढा, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पिचकाऱ्या नीट उडाल्या तर पंप चांगला. थेंबथेंब आलं तर डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली उतरत असणार. मग गाडी चालू न करता पंप आणि ऑइल दोन्ही बदला.